रात्रभर ठेवलेली इंजिनं

इंजिन विकत घेण्याआधी हे त्याचा वास घ्यायचे.

खेळण्यातलं इंजिन, वीतभर लांबीचं, विजेवर चालणारं. ते उलटं करायचं, चाकांमधल्या फटीला नाक लावायचं आणि डोळे मिटायचे. मोटरची कॉइल जळलेली असली की तिथे करपल्या व्हार्निशचा वास राहतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. तसा वास आला की इंजिन खाली ठेवायचं. नाही आला, तर मग चाक तुटलेलं असो की तारा लोंबत असोत, हे म्हणायचे, "जीव आहे ह्यात." नक्खासच्या रविवारच्या बाजारात, भर गर्दीत उकिडवं बसून इंजिनाला नाक लावणारा माणूस आपला नवरा आहे, याची मला सुरुवातीला लाज वाटायची.

आम्ही सांगलीहून लखनौला आलो ते चौऱ्याहत्तर साली. ह्यांचं नाव नरहर. इथल्या एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ते मेकॅनिक होते. शास्त्रज्ञांचे मायक्रोस्कोप, केसाचंसुद्धा वजन दाखवणारे तराजू, असलं नाजूक काम त्यांच्या टेबलावर यायचं. निशातगंजला वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. मुलगी मृणाल तेव्हा दहा वर्षांची.

चारबाग, आलमबागकडची रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं त्या वर्षांत एकेक करून ऑस्ट्रेलियाला, विलायतेला निघाली होती. आधी पियानो विकला जायचा, मग कपाटं, आणि शेवटी माळ्यावरचं सामान. रेल्वेच्या माणसांच्या माळ्यावर काय असणार? मुलांच्या आगगाड्या. त्या फिरत फिरत अच्छन मियाँच्या गोणपाटावर येऊन पडायच्या. कंदिलाच्या काचा, पितळी तोट्या, एकेकटे बूट, आणि त्यात एखादं काळं नाहीतर हिरवं इंजिन.

"अच्छन मियाँ, खराबवाला दिखाइए," हे म्हणायचे.

"पंडितजी, दुनिया अच्छा माँगती है, आप खराब माँगते हैं. यह लीजिए, यह चलता है."

"चलता है तो मैं क्या करूँगा? बैठ के देखूँगा?"

"तो बीबीजी को दिखाइए. बेचारी हर इतवार धूप में खड़ी रहती हैं."

हे माझ्याकडे वळायचे. "काय गं, चालणारं हवंय का तुला?"

"मला घरी जायचंय," मी म्हणायचे.

घरी मृणाल दारातच पिशवी चाचपून बघायची. "बाबा फिर एक मुर्दा ले आए!"

"मराठीत बोल."

"बाबा पुन्हा एक मुर्दा घेऊन आले," ती म्हणायची, आणि दोघं हसायचे.

संध्याकाळी ऑफिसातून आले, चहा झाला, की हे टेबलाशी बसायचे. मी शेजारी टॉर्च धरून. हे माझं कामच ठरलेलं होतं. आधी वरची टोपी काढायची. मग मोटरला चिकटणारे कोळशाचे दोन चिमुकले तुकडे, त्यांना ब्रश म्हणतात, ते बाहेर काढून झिजलेत का बघायचं. मग ज्या तांब्याच्या गोलावर ते घासतात त्याच्या खाचांतली काजळी सुईनं कोरायची. तुटलेल्या तारेला डाख द्यायचा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. मी आठ वर्षं टॉर्च धरला. एवढ्या वेळात ह्यांनी मला कधी चिमटा हातात घ्यायला सांगितलं नाही आणि मीही कधी मागितला नाही. तशी कल्पनाच दोघांच्या मनात आली नाही. इंजिन चालायला लागलं की पलंगामागची फळी निघायची. तिच्यावर ह्यांनी रूळ ठोकून ठेवले होते. खोलीभर ओझोनचा तो पावसाळी वास पसरायचा आणि हे म्हणायचे, "बघ, उठलं!"

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका रविवारी मला बरं नव्हतं, म्हणून हे एकटेच नक्खासला गेले. परत आले ते खुशीत. पिशवीतून हिरवं इंजिन काढून माझ्यापुढे धरलं. मी पलंगावर पडले होते, तरी मला तिथूनच वास आला. करपलेला, कडू.

"अहो, हे जळकं आहे."

"छे! मी वास घेतला ना." त्यांनी पुन्हा नाक लावलं, डोळे मिटले. "काही नाही. तुला तापात वाटतंय."

मृणाल स्वयंपाकघरातून म्हणाली, "क्या जल रहा है?"

हे टेबलाशी जाऊन बसले. इंजिन उघडलं तर कॉइल आतून कोळसा झालेली. सर्दी झाली असेल, असं आम्ही ठरवलं. ह्यांना झालेल्या त्या रोगात, कंपवातात, आधी वास जातो आणि हात नंतर थरथरायला लागतात, हे मला फार पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा कुणाला माहीत होतं? ह्यांनी ती कॉइल हट्टानं स्वतः पुन्हा गुंडाळली. केसासारख्या तारेचे शेकडो वेढे, तीन आठवडे. आणि ते इंजिन चाललं. ते त्यांनी पूर्णपणे आपल्या हातानं केलेलं शेवटचं इंजिन. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

दिवाळीनंतर उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागली, गोळी वळावी तशी. हे म्हणत, चहा जास्त होतोय. मी चहा कमी केला. मृणाल शिकायला पुण्याला मावशीकडे गेली होती, तिला आम्ही काही कळवलं नाही.

मग एका संध्याकाळी एक इंजिन जोडून झालं आणि चालेना. पूर्वी कधी असं झालं नव्हतं. हे दोनदा उघडून बसले. शेवटी म्हणाले, "राहू दे, उद्या बघू," आणि जेवायला बसले. पोळीचा तुकडा तोंडापर्यंत नेताना मी बघत नाहीये ना, हे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते इंजिन उघडलं. फक्त बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. एक ब्रश तिरका बसला होता, बस. चिमट्यानं सरळ केला, टोपी लावली, होतं तसं ठेवून दिलं.

संध्याकाळी ह्यांनी करंट दिला आणि इंजिन सुटलं. ह्यांचा चेहरा! काल रात्रीपासून उतरलेला तो चेहरा एकदम वर आला. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळत बसले.

"वसुधा, अगं चाललं! मी काही केलंच नाही, नुसतं ठेवलं होतं रात्रभर."

"असेल," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. हळूहळू ह्यांनी त्याची एक उपपत्तीच बसवली. ताजं तेल मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखं. डाख रात्रभरात आवळतो. जुन्या इंजिनांना उघडल्यावर विश्रांती लागते. अच्छन मियाँना त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, ऑफिसातल्या श्रीरंग बापटांनाही. "घाई नाही करायची. रात्रभर ठेवायचं." मी शेजारी उभी राहून मान हलवत होते.

खोटं का बोललीस, असं कुणी विचारलं तर त्यांच्यासाठी, असंच मी सांगेन आणि ते खरंही आहे. पण अर्धंच. त्या दुपारी मला आवडायला लागल्या होत्या. खाली भाजीवाल्याची हाक विरत गेली की दार लावून मी टेबलाशी बसायचे. डाख देताना राळेचा धूर वर जायचा, कथलाचा थेंब चमकून तारेवर बसायचा. माझा हात स्थिर होता. हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. एकदा इंजिन चाललं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "बघ, उठलं!" आणि मग घाईघाईनं सगळं होतं तसं ठेवून दिलं. वर्षभरात अशी सात इंजिनं झाली.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, दार वाजलं. दारात एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ, जुना रेल्वेचा ओव्हरकोट घातलेले, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"अच्छन ने भेजा है. बोला, पंडितजी के हाथ में जादू है. मैं डिक्रूज़. मेल ड्राइवर था."

डब्यात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं काळं इंजिन होतं. त्यांच्या वडिलांनी ते लहानपणी त्यांना कलकत्त्याहून आणून दिलं होतं. डिक्रूज साहेबांचं घर विकलं गेलं होतं. उद्या संध्याकाळची मुंबईची गाडी, तिथून विमानानं पर्थला, मुलीकडे. कायमचं.

"उधर का करंट कैसा है, मालूम नहीं," ते म्हणाले. "चले, न चले. यहाँ चलता था, तो जाने के पहले यहाँ एक बार चलना माँगता. बस, एक चक्कर."

"छोड़ जाइए," हे म्हणाले. "कल सुबह ले जाइएगा."

"नहीं, मिस्टर. मैं बैठेगा. अपना इंजिन अकेला छोड़ के ड्राइवर कभी नहीं जाता."

आणि ते ओव्हरकोटासकट खुर्चीत बसलेच.

आता टेबल मला एकटीला मिळणार नव्हतं. ह्यांना आत बोलवावं, खरं काय ते सांगावं, निदान आज तब्येत बरी नाही असं काहीतरी म्हणावं. ह्यांनी टेबल पुसायला घेतलं होतं. किती आनंदात होते! नवा माणूस, तोही खरी इंजिनं चालवलेला, आपलं नाव ऐकून आलेला. "वसुधा, टॉर्च," त्यांनी हाक मारली. मी टॉर्च देऊन चहा ठेवायला आत गेले. एवढंच केलं मी. चहा ठेवला.

दारातून मला सगळं दिसत होतं. ह्यांनी इंजिनाचा वास घेतला, सवयीनं. मग टोपी काढली. एक तार सुटली होती, एवढाच दोष. खरं तर दहा मिनिटांचं काम. ह्यांनी डाख द्यायला घेतला तेव्हा डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. कथलाचा गोळा मोठा पडला आणि शेजारच्या पत्र्याला जाऊन चिकटला. ह्यांना ते दिसलं नाही. मला दारातून दिसलं.

इंजिन रुळावर ठेवलं. ट्रान्सफॉर्मर नुसता घुमला. इंजिन हललं नाही.

हे हसले. "हो गया. अब इसको रात भर रहने दीजिए. सुबह चलेगा."

"रात भर?" डिक्रूज साहेबांनी भुवया उंचावल्या. "बुखार है इसको?"

ह्यांनी मग गंभीरपणे सगळं सांगितलं. तेल मुरणं, डाख आवळणं, विश्रांती. सात-आठ इंजिनांचा अनुभव आहे, असंही म्हणाले. म्हातारे शांतपणे ऐकून घेत होते.

"मिस्टर," ते अगदी सहज म्हणाले, "चालीस साल इंजिन चलाया मैंने. शाम को बिगड़ा इंजिन शेड में छोड़ो, सुबह ठीक मिलता है. हाँ, मिलता है. पर अपने-आप नहीं मिलता. रात को फिटर आता है."

आणि ते आपल्याच बोलण्यावर हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं.

हे हसत होते, ते थांबले. टेबलावरच्या सुईकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं. मग मान वळवून दाराकडे बघितलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी नजर खाली घातली नसती तर कदाचित अजूनही निभावलं असतं.

"वसुधा," हे म्हणाले. "ये. बस इथे."

"अहो, मला काय त्यातलं—"

"बस."

ते स्टुलावरून उठले आणि टॉर्च हातात घेतला. मी बसले. त्यांच्या हातातला टॉर्च एवढा हलत होता की उजेड टेबलभर नाचत होता. मग त्यांनी तो दोन्ही हातांत धरून छातीशी टेकवला. मी जास्तीचं कथील काढलं, पत्रा खरवडला, तारेला बारीक डाख दिला. सुईनं खाचा कोरल्या, ब्रश बसवले. माझे हात थरथरले असते तर किती बरं झालं असतं! ते थरथरले नाहीत.

इंजिन सुटलं. फळीवर एक फेरी, दोन फेऱ्या. डिक्रूज साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घालून चाकांचा आवाज ऐकत बसले. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "बस. बस, बेटा." कुणाला म्हणाले, कोण जाणे. जाताना त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला, तो थरथरणारा हात, आणि धरून ठेवला. "गुड शेड, मिस्टर. गुड फिटर." मग जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला.

ह्यांनी टॉर्च बंद करून टेबलावर ठेवला.

"किती?"

"सात."

"आणि ते हिरवं? जळक्या कॉइलचं?"

"ते तुम्हीच केलंत. अहो, देवाशपथ, ते सगळं तुम्हीच केलंत. मी हातही लावला नव्हता."

त्यांनी मान हलवली, लहान मुलाची समजूत काढणाऱ्या माणसाकडे बघून हलवावी तशी. तीन आठवडे, केसासारख्या तारेचे शेकडो वेढे. मी ते इंजिन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या डोळ्यांत राग असता तरी मला चाललं असतं.

"चोरून शिकलीस," हे म्हणाले. "मी शिकवलं असतं ना."

दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी स्वतः अर्ज करून वर्कशॉपमधून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. ऑफिसातही कुणी आपलं काम मागाहून नीट करत होतं का, हे त्यांनी विचारलं की नाही, मला माहीत नाही. बापट एकदा घरी आले होते, ते मान वर करून बोलले नाहीत. नक्खासला जाणं बंद झालं. ती फळी पलंगामागे गेली ती गेलीच. टेबलावर मी कपड्यांना इस्त्री करायला लागले. ओळखीची मंडळी गोमती नगरात प्लॉट घेत होती, आम्हालाही विचारायची. हे म्हणायचे, "आम्हाला काय करायचाय." रविवारी सकाळी ते खिडकीशी बसायचे. चेहरा हळूहळू हलेनासा झाला. आवाज उतरत गेला, इतका, की शेजारी बसलं तरी अर्धं हरवायचं. मी अंदाजानं "हो" म्हणायचे. पुन्हा तेच करत होते मी. समजल्याचं नाटक.

शहाऐंशीच्या डिसेंबरात एका रविवारी शेजारच्या बाईंना थोडा वेळ बसवलं आणि मी एकटीच नक्खासला गेले. अच्छन मियाँचे डोळे अधू झाले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"बीबीजी? पंडितजी कैसे हैं?"

"खराबवाला दिखाइए," मी म्हटलं.

त्यांनी गोणपाटावर हात फिरवला. चाचपून एक लाल इंजिन काढून दिलं. मी तिथेच उकिडवी बसले, चाकांमधल्या फटीला नाक लावलं आणि डोळे मिटले.

घरी येऊन ते ह्यांच्यापुढे ठेवलं. टेबल मोकळं केलं. सुई, चिमटा, तेल मांडलं. "शिकवा," मी म्हटलं.

त्यांनी इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ओठ हलले. ऐकू आलं नाही. मी "हो" म्हणणार होते, तोंडावर आलंच होतं.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "पुन्हा सांगा."

"वास," ते म्हणाले. "घेतलास?"

"घेतला. नाही येत."

"मग... टोपी काढ."

असं दोन महिने चाललं. रोज दुपारी थोडं थोडं. ब्रश कसा धरायचा, सुई खाचेत कुठल्या बाजूनं घालायची. मला येत असलेलंच सगळं. तरी त्यांची काही पद्धत वेगळी होती, ती मी इतकी वर्षं टॉर्च धरूनही बघितली नव्हती. मी एकेक वाक्य तीन-तीनदा विचारायचे. ते चिडायचे, पुन्हा सांगायचे. एका दुपारी ब्रश निघाले, खाचा साफ झाल्या, आणि मी विचारलं, "आता?" ते सांगायला लागले आणि दमले. डोळे मिटले. झोप लागली असं मला वाटलं. मग त्यांचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं."

"ठेव रात्रभर," ते म्हणाले. चेहरा हलत नव्हता, पण डोळे हसत होते. "फिटर येईल."

मी हसले. चार वर्षांत आम्ही असे दोघं मिळून हसलो नव्हतो. त्या रात्री मी इंजिनाला हात लावला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. ह्यांनी सांगितल्याशिवाय लावायचाच नव्हता. पण पहाटे ह्यांना ताप भरला होता, तो छातीत उतरला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं.

ह्या सगळ्याला फार वर्षं झाली. मृणाल फोनवर म्हणते, "आई, अब तो ठीक कर दो उसको. तुला येतं ना." येतं. मोटरपाशी एक बारीक स्प्रिंग वाकलीय, ती मला चष्मा न लावतासुद्धा दिसते. दहा मिनिटांचं काम आहे.

ते लाल इंजिन टेबलावर उघडंच आहे. ब्रश बशीत, टोपी बाजूला. धूळ बसली की मी फुंकर मारते आणि पुन्हा फडकं झाकून ठेवते.